पिळाचं देणं

मांडवगणात सुताराच्या पडवीत जाऊन वाकस मागावा, गिरमिट मागावं, ओळख चांगली असेल तर रंधाही मागावा. करवत मागू नये. प्रत्येकाच्या हाताची ओढ निराळी असते. परका हात जरा तिरका चालला तरी दात एका अंगाला झुकतात, करवत रेघ सोडून पळायला लागते आणि तिला ताळ्यावर आणण्यात सुताराची अख्खी सकाळ मोडते. त्या सकाळचं बलुतं कुणी घालत नाही.

हे ठाऊक असूनही मी मागितली, कारण दिवसच तसे होते. १९८३ च्या जूनमध्ये कपिल देवच्या संघानं विश्वचषक जिंकला आणि त्या पावसाळ्यात आमच्या शिवारातल्या पांगाऱ्याची एकही सरळ फांदी जागेवर राहिली नाही. पांगारा हलका, तासायला सोपा. कोयत्यानं बॅटीचं पोट आणि पाठ निघते, पण दांडा जिथं सुरू होतो तिथले दोन खांदे कोयत्यानं सरळ उतरत नाहीत. त्याला करवतच लागते.

आमचं गाव, मांडवगण फराटा, शिरूर तालुक्याच्या टोकाला. एका अंगाला घोड, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि या दोघी एकमेकींना भेटण्याआधीच्या बेचक्यात आमची रानं. भीमा ओलांडली की दौंड तालुका. कचेरीचं काम शिरूरला, पण रेल्वे, भंगार आणि लाकडाची वखार म्हटलं की पाय दौंडकडं वळायचे.

सुताराला सगळं गाव तात्या म्हणायचं. मीही इथं तेवढंच म्हणतो. त्यांनी माझ्याकडं न बघताच उत्तर दिलं, "करवत उसनी देत न्हाईत. करायची आसंल तर ये."

"काय करायची?"

"करवत. आन् काय?"

सुतार आपली करवत स्वतः करतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नांगर, पाभर, कुळव, गाडीची चाकं ही माणसं करतात; पण ज्यानं हे सगळं होतं ती हत्यारं कुठून तरी तयारच येत असावीत, असं वाटायचं. तात्यांच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली करवत मी रोज पाहायचो. लाकडाची चौकट, खाली पातं, वर पिळलेली दोरी. ती कुणी तरी जुळवलेली आहे असं कधी मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातल्या मातीत काडीनं चित्र काढलं. दोन उभे हात, सव्वा सव्वा फुटांचे. त्यांच्या मधोमध एक आडवा दांडा. हातांच्या खालच्या टोकांत दोन फुटांचं पातं, वरच्या टोकांना दोरीचा वेढा. वेढ्यात एक छोटी काठी घालून दोरी पिळायची. पीळ बसला की वरची टोकं जवळ येतात, मधला दांडा टेकू होतो आणि खालची टोकं लांब जायला बघतात. त्या ओढीनं पातं ताठ होतं. रोमन सुतारही अशीच करवत वापरत, त्यांच्या दगडी शिल्पांत ती कोरलेली दिसते. तात्यांना रोमचा पत्ता नव्हता. त्यांच्या वडिलांनी दाखवलं तसं त्यांनी मला दाखवलं.

मग त्यांनी माझ्यापुढं कामं टाकली. लाकूड आपल्या पडवीतलं दिलं: पडक्या वाड्याच्या चौकटीचं जुनं सागवान, रेषा सरळ, पावसाळे खाऊन सुकलेलं. काठीसाठी बाभळीचा तुकडा, तोही पाण्यात बुडवून ठेवून नंतर सावलीत वाळवलेला. बाभूळ अशी पाण्यात मुरली की तिच्यातला गोडवा निघून जातो आणि किडा लागत नाही. बाकीच्या वस्तूंबद्दल मात्र ते म्हणाले, "त्या माझ्याकडं न्हाईत. पातं दौंडला, टोकं लोहाराकडं, दोरी मावशीकडं. सुई तुझ्या आयकडं आसंल."

पात्यासाठी चुलत्यांबरोबर दौंडला गेलो. वखारीत आऱ्याच्या मशीनचा तुटलेला पट्टा कोपऱ्यात गुंडाळून पडला होता. वखारवाल्यानं किंमत विचारू दिली नाही. हात कापू नये म्हणून गोणपाटात बांधून तेवढा दिला. मशीनचे दात आम्हाला चालणारे नव्हते. ते फार मोठे आणि विरळ होते. पट्ट्याची दुसरी, सपाट कड आम्हाला हवी होती.

लोहारकाकांकडचं काम नाजूक होतं. पट्ट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणून ते कडक आणि लवचिक असतं, पण म्हणूनच त्याला भोकही पडत नाही. काकांनी पात्याच्या मधल्या भागावर ओलं फडकं गुंडाळलं, एकेक टोक भट्टीत लाल केलं आणि पाण्यात न बुडवता राखेत खुपसून ठेवलं. राखेत ते हळूहळू निवलं की टोकापुरतं पाणी उतरतं आणि सुंब्यानं भोक पाडता येतं. मधलं पाणी तसंच राहतं. फडकं वाळायला लागलं की काका माझ्याकडं नुसतं बघायचे, मी त्यावर पाणी शिंपडायचो. त्या दिवशी माझ्याकडं एवढंच काम होतं. पण पोलादाचा जीव कशात असतो ते मला तिथं कळलं.

दात पाडायचं काम तात्यांच्या नजरेखाली झालं. पातं दोन फळ्यांच्या मध्ये आवळायचं, दातांच्या अगदी मुळाशी, नाहीतर कानस किंचाळते आणि पातं थरथरतं. कडेवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर इंचाला आठ रेघा मारल्या. मग तिकोनी कानस. तिची कोपऱ्याची जागाच साठ अंशांची, त्यामुळं दोन दातांमधली खाच आपोआप बरोबर पडते. आपण फक्त कानस कुठल्या बाजूला कलती धरायची ते ठरवायचं. लाकूड उभं चिरायचं असेल तर दाताची समोरची कड जवळपास सरळ उभी, म्हणजे प्रत्येक दात छोट्या पटाशीगत तंतू उकलत जातो. लाकूड आडवं कापायचं असेल तर कानस तिरपी चालवायची, एका दाताला या अंगानं, पुढच्याला त्या अंगानं, म्हणजे दाताला टोक येतं आणि तंतू आधी तुटतो, मग उचलला जातो. मला बॅटीचे खांदे उतरवायचे होते, म्हणून तिरपे दात.

आणखी एक गोष्ट त्यांनी आधी विचारली, "ओढणार का ढकलणार?" दुकानातली रुंद पात्याची, मुठीची करवत ढकलताना कापते. तात्या जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या पंजाखाली दाबून, करवत स्वतःकडं ओढत कापायचे. त्यांचे दात मुठीकडं वळलेले होते. माझेही तसेच केले.

सगळे दात पडल्यावर त्यांनी सपाट कानस एकदाच माथ्यांवरून अलगद फिरवली आणि पातं उन्हात धरलं. उंच दातांच्या टोकांवर पांढरे ठिपके चमकत होते, बुटक्यांवर काहीच नव्हतं. "ठिपका दिसतोय तवर घासायचं. ठिपका गेला की हात काढायचा. त्येच्यापुढं एकबी ओढ न्हाई." ज्याला मोजपट्टी वाचता येत नाही त्यालाही केसभर फरक दाखवणारी ही युक्ती. पुढं कारखान्यात मी मोजमापाची किमती यंत्रं हाताळली, पण नेमकेपणा शिकलो तो त्या ठिपक्यांवर.

मग दात फाकवायचे. एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि तेही फक्त वरचा अर्धा भाग. दात सरळच ठेवले तर कापलेली चीर पात्याएवढीच होते आणि पातं आत अडकतं. फार फाकवले तर भुसाच जास्त पडतो आणि हात दमतो. ओल्या लाकडात हे आणखी महत्त्वाचं, कारण ओला भुसा चिरीत गच्च बसतो. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानं दात आळीपाळीनं वाकवण्याचं हेच कारण लिहून ठेवलं आहे.

फाक बरोबर झाली का, हे बघायला आईची गोधडीची सुई लागली. दातांच्या दोन ओळींच्या मधोमध जी बारीक पन्हळ तयार होते तिच्यात तात्यांनी सुई ठेवली आणि पातं थोडं कलतं केलं. सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुळकन घसरत गेली, कुठं अडखळली नाही, कुठं बाहेर पडली नाही. तात्यांनी सुई उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आयला परत दे. हरवलीस तर मला बोल लागंल."

चौकटीचं एक गुपित राहिलं. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कुसू काढलेली आणि हातांच्या खाचेत बसवलेली. मी खिळा शोधत होतो. तात्यांनी हातोडी बाजूला सारली. "तितं खिळा मारलास तर करवत मेली." पात्याच्या टोकांना खिळा चालतो, मधल्या सांध्यात नाही. सरस नाही, पाचर नाही, काही नाही. हाताला त्या सांध्यावर किंचित डोलता आलं पाहिजे, तरच दोरीची ओढ पलीकडं पात्यापर्यंत पोचते. पीळ सोडला की सगळी करवत चार तुकड्यांत हातात येते. आणि रात्री पीळ सोडायचाच. ताणात ठेवली तर हात वाकतात, दोरी मरते.

दोरीसाठी मातंग वस्तीतल्या मावशींकडं गेलो. बांधावरचं केकताड कापून, कुजवून, झोडून, धुऊन काढलेला पांढरा वाख त्यांच्या दारात वाळत असायचा. गावातलं प्रत्येक चऱ्हाट, कासरा, नाडा त्याच घरचा. करवतीची दोरी म्हटल्यावर त्यांनी जाड चऱ्हाट दिलं नाही. नव्यानं वाख घेतला, बारीक सुतं वळली, मग ती उलट्या बाजूनं एकत्र पिळली. सुताचा पीळ एकीकडं, दोरीचा दुसरीकडं, म्हणजे एक सुटायला गेला की दुसरा घट्ट होतो. "काठी कुनीकडं फिरवशील?" त्यांनी विचारलं. मी हातानं दाखवलं. त्यांनी तेवढ्यासाठी शेवटचा पीळ उलगडून पुन्हा घातला. माझी काठी ज्या बाजूला फिरणार त्या बाजूला दोरी आवळली जावी, सैल पडू नये, म्हणून.

तात्यांनी दोरी बघितली, बोटात फिरवली आणि मान डोलावली. त्यांच्याकडून कुणाच्या कामाला एवढी दाद मिळालेली मी क्वचितच पाहिली. काठी फिरली, हात ताठ झाले, पात्याला नखानं टिचकी मारली तर ते एकतारीसारखं वाजलं.

बॅट झाली, एका हंगामात मोडलीही. पांगाऱ्याची बॅट तेवढीच टिकते.

तात्यांकडं जायचं मात्र सुटलं नाही. काम करताना ते फार बोलत नसत, पण हात थांबले की एखादी गोष्ट निघायची. आमच्या शेजारच्या इनामगावला घोडेच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या नावानं पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गाजलेली ती जागा. तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे काळातली घरं, रांजणांत पुरलेली माणसं तिथं निघाली. खोदणाऱ्यांच्या कुदळी-खोऱ्यांना दांडे बसवून द्यायला तात्या तिकडं जात. तिथं त्यांनी दगडाची बोटाएवढी लांब, पातळ पाती बघितली. तांबं फार दुर्मीळ, म्हणून त्या लोकांनी गारगोटीच्या जातीच्या दगडातून अशी पाती काढली आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवून वापरली. तात्यांना रांजणांपेक्षा त्या पात्यांचं अप्रूप. "पातं कुनाचंबी आसू दे, दगडाचं न्हाईतर पोलादाचं. लाकडात बसवल्याबिगर ते हातात येत न्हाई," असं ते म्हणायचे.

तात्या जे हातानं शिकवत होते त्याचं कारण मला पुढं पाबळला शिकताना समजलं. आमच्याच तालुक्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला, कारण खेड्यातली मुलं हातानं काम करत करत विज्ञान शिकतात आणि तसंच पक्कं शिकतात, असा त्यांचा विश्वास होता. तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग, सुतारकी, बांधकाम, वीज, शेती सगळं करावं लागतं. मी तिथं पोलादातलं कार्बनचं प्रमाण, तापमान आणि कडकपणा यांचं नातं वहीत लिहून घेतलं तेव्हा राख आणि ओलं फडकं डोळ्यांपुढं आलं. टेकू आणि तरफ शिकवली गेली तेव्हा मधला दांडा दिसला. वर्गातल्या इतरांना ती आकृती होती. माझ्यासाठी ती लोहारकाकांची भट्टी होती आणि तात्यांचं अंगण.

त्या शिक्षणावर मला पुढं रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत देखभालीचं काम मिळालं. घर चाललं, मुलं शिकली. माझ्या पगाराच्या मुळाशी एक न मिळालेली करवत आहे, हे मी तेव्हाही जाणून होतो.

तात्यांचं मात्र काम आटत गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला तेव्हाच लाकडी नांगराचे दिवस मोजायला सुरुवात झाली होती. आमच्याकडं ट्रॅक्टरनं ते संपवले. उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले, लाकडी चाकं खळ्याच्या कडेला कुजली. बलुतं देणाऱ्या घरांनी आधी ते कमी केलं, मग बंद केलं. तात्यांचा मुलगा पिंपरीला कामाला लागला, आणि त्याचं बरोबरच होतं. तात्यांनी त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. मी कधी कापड, कधी पैसे घेऊन गेलो तर कापड ठेवून घ्यायचे, पैसे परत करायचे. "करवत तू केलीस. मी काय इकली का तुला?"

या वाक्यावर मी वर्षानुवर्षं विचार केला आहे. त्या दिवशी त्यांनी आपली करवत मला दिली असती तर मी त्यांचा एकट्याचा देणेकरी झालो असतो आणि संध्याकाळी करवत परत टांगून ते देणं फिटलंही असतं. त्याऐवजी त्यांनी मला चार दारांवर पाठवलं. कुणी पट्टा दिला, कुणी भट्टी दिली, कुणी दोरी वळली, घरातून सुई गेली. पट्ट्याचा, भट्टीचा, दोरीचा मोबदला कुणी मागितला नाही, आणि मलाही तेव्हा द्यायचं सुचलं नाही, कारण गावात पोराच्या कामाचे पैसे होत नसत. एका पोराला करवत हवी म्हणून अख्ख्या गावानं थोडं थोडं काम केलं. असं देणं परत टांगायला खुंटी नसते.

ते वाटून घेता येतं, एवढं मी शिकलो. आमच्या वसाहतीतल्या कामावरच्या पोरांना मी मशीनचा पट्टा कापून पात्याचे तुकडे देतो, ठिपका दाखवतो, सुई घरून आणायला सांगतो. काहींना ते खुळेपण वाटतं, कारण विकतची करवत आता स्वस्त आहे आणि तिचे दात यंत्रानं इतके कडक केलेले असतात की कानस त्यांच्यावरून घसरते. धार गेली की फेकायची, नवी आणायची. ज्यांच्या हातात एकदा कानस बसते ते मात्र परत येतात. दोरीला नायलॉन वापरून बघतात आणि सांगतात, ताण बसत नाही, दोरी लांबत राहते. मग मी त्यांना केकताड दाखवतो.

इथवर आलं की मला नेहमी मावशींच्या घराचा हिशेब आठवतो. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त बलुतेदारांच्या ओळी दिलेल्या आहेत, सुतार त्यात थोरल्या ओळीत. पुस्तकातली ओळ काही असो, आमच्या खळ्यावर धान्याची रास मोजली जाताना तात्यांना पुढं बोलावलं जायचं आणि मावशी शेवटी, रास उचलल्यावर उरेल त्यातून, पदर पसरून न्यायच्या. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण कुणालाच दिसत नव्हतं. तात्यांना दिसत असावं. नाहीतर पडवीत दोरीची वेटोळी टांगलेली असताना त्यांनी मला त्या दारात पाठवलं नसतं.

तात्या गेले, लोहारकाकांची भट्टी बुजली, मावशींचा नातू आता शिक्षक आहे आणि वाख वळणं त्याला येत नाही, यायची गरजही नाही. त्याच्या आजीनं माझ्यासाठी पीळ उलगडून परत घातला होता, हे मी त्याला सांगितलं आहे, आणि ते खळ्यावरचं शेवटचं मापही. देणं फेडायचं असेल तर आधी हिशेब नीट मांडावा लागतो आणि गावानं मांडलेला हिशेब उलटा होता. करवतीनं मला तो सरळ करून दाखवला. सागवान, पोलाद, कुसू सगळं जागच्या जागी बसवलं तरी ते नुसते तुकडे असतात. शेवटी काठी फिरते, दोरी आवळते, आणि मगच त्या तुकड्यांची करवत होते. म्हणून या देण्याच्या वहीत पहिलं नाव मी मावशींच्या घराचं लिहितो, दुसरं तात्यांचं. तात्या असते तर त्यांनीही याच क्रमानं लिहायला लावलं असतं.